वासाचा दाखला

जुनी घड्याळे जमवणारा गृहस्थ घड्याळ हाती येताच ते कानाशी नेतो, नाण्यांचा शौकीन नाणे फरशीवर टाकून त्याचा नाद ऐकतो, आणि जुन्या छर्‍याच्या बंदुका जमवणारा माणूस, चारचौघांत तो याची कबुली सहसा देत नाही, पण बंदूक हातात पडल्याबरोबर ती मध्ये मोडतो, उघड्या पडलेल्या नळीच्या मुळाशी नाक नेतो आणि डोळे मिटून घेतो. बघणार्‍याला हा प्रकार विक्षिप्त वाटतो, आणि तो विक्षिप्त आहेही. तथापि त्यामागे व्यवहाराचे एक रोकडे कारण आहे. डोळ्यांना फसवणे फार सोपे असते. नळीवर नवे ब्लूइंग चढवता येते, दस्त्यावर चपड्या लाखेचा हात मारून अर्ध्या शतकाचे ओरखडे एका दुपारीत बुजवता येतात, आणि कारखान्याची मुद्रा तर कोरीव काम जाणणारा कोणीही कसबी माणूस हुबेहूब उठवून देतो. परंतु दट्ट्याच्या नळकांड्यात वर्षानुवर्षे जळत, मुरत आणि आंबत गेलेल्या तेलाचा जो एक गडद दर्प असतो, तो उत्पन्न करणे कोणत्याही नकलाकाराला आजवर साधलेले नाही. वस्तूच्या वयाचा तो दाखला असतो, आणि तो कोणत्याही कचेरीतून मिळत नाही.

बंदूक म्हटली की लोकांच्या मनात दारूचा वास उभा राहतो. आमच्या या मुलुखाला तो वास अपरिचित नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने चाकणच्या संग्रामदुर्गात शायिस्तेखानाच्या अफाट फौजेला दोन महिन्यांच्या आसपास झुंजवत ठेवले आणि शेवटी बुरुजाखाली सुरुंग उडाल्यावरच तो भुईकोट पडला, तेव्हा आज जिथे कांद्याच्या गाड्या आणि मोटारींचे सांगाडे वाहणारे लांबलचक ट्रक एकमेकांना अडवून उभे असतात, तिथल्या हवेत गंधक आणि सोरा किती दिवस भरून राहिला असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे १८६९ साली इंग्रजांनी खडकीला दारूगोळ्याचा कारखाना काढला. छर्‍याच्या बंदुकीचा मात्र या घराण्याशी रक्ताचा संबंध नाही. तिच्या पोटात गंधक नाही, सोरा नाही, कोळशाची पूड नाही. आहे ती केवळ दाबलेली हवा, आणि हवेला वास नसतो. मग हा वास येतो कोठून?

याचे उत्तर दट्ट्याच्या तोंडाशी आहे. नळी खाली मोडताना आतली पोलादी स्प्रिंग आकसत जाते आणि चापाच्या खोबणीत अडकून बसते. चाप ओढला की ती सुटते, दट्ट्याला पुढे फेकते, आणि दट्ट्यासमोरची हवा पापणी लवण्याच्या आत दाबली जाऊन, तापून, छर्‍याला नळीबाहेर हाकलते. हवा मागच्या मागे निसटू नये म्हणून दट्ट्याच्या तोंडावर चामड्याची एक वाटी बसवलेली असते. कारखान्यातली माणसे तिला वायसर म्हणतात. घरोघरच्या रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात आणि सायकलच्या पंपात जो असे, त्याच जातीचा, फक्त मापाने मोठा. चामडे सुकले की वाटी आकसते आणि बंदूक दम टाकते, म्हणून तिला अधूनमधून तेल पाजावे लागते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने त्या तेलाचा सूक्ष्म अंश दर बारी पेट घेतो. नळी पुन्हा मोडली की निळसर धुराची एक बारीक रेघ बाहेर येते, आणि तिच्याबरोबर तो वास: किंचित करपलेला, किंचित गोडसर, चामड्याच्या ऊबेने जड झालेला.

ठिणगीवाचून, केवळ दाबाने, इंधन पेटवण्याचे हेच तत्त्व रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपल्या इंजिनात यशस्वी करून दाखवले. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या कार्ड्यू नावाच्या दोन संशोधकांनी तर छर्‍याची बंदूक नायट्रोजन वायूत ठेवून चालवून पाहिली. प्राणवायू नाही म्हणून तेल जळेना, आणि तेल जळेना म्हणून छर्‍याचा वेग चांगलाच घसरला. म्हणजे हा धूर निव्वळ बिघाडाचे लक्षण नव्हे. बंदुकीच्या शक्तीतला एक हिस्सा त्याच्या नावावर जमा आहे. जिला आपण हवेची बंदूक समजतो ती काही अंशी एक घोटाएवढे डिझेल इंजिनच असते. खडकीला १९४६ पासून किर्लोस्करांची ऑइल इंजिने, कोथरूडला १९६२ पासून कमिन्सची, आकुर्डीला टेम्पो, पिंपरीला टेल्कोचे ट्रक, असा हा सगळा पट्टाच्या पट्टा डिझेलवर जगला. तेव्हा इथल्या पोराने पहिल्यांदा छर्‍याची बंदूक मोडली आणि त्याला तो वास अनोळखी वाटला नाही, यात नवल ते काय?

ही पहिली ओळख बहुधा जत्रेत होते. चैत्रात मावळात, खेडात, हवेलीत गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात. दिवसा घाटात बैलगाडे पळतात, आणि अंधार पडला की पालांच्या रांगेत कोठेतरी एका लाकडी फळ्यावर रंगीबेरंगी फुगे टाचून बसलेला बंदूकवाला लागतो. त्या पालाचा वास मला इतर कोणत्याही वासापेक्षा अधिक तपशीलवार आठवतो. फुग्यांच्या कच्च्या रबराचा आणि ते चिकटू नयेत म्हणून आत भुरभुरलेल्या शंखजिर्‍याचा कोरडा वास. शेजारच्या बत्तीतून येणारी रॉकेलची वाफ. पलीकडे कढईत पडलेली भजी आणि परातीत रचलेली गोडी शेव. लोकांच्या कपड्यांवरचा गुलाल. आणि या सर्वांच्या मधून, दर बाराला ताजी होणारी, करपलेल्या खोबरेलाची एक धग. होय, खोबरेलच. बंदूकवाल्याला विलायती तेल कोठून परवडणार? डोक्याला लावायची जी बाटली, तीच वायसरला. तो मोठ्या सफाईने बाटलीचे टोपण नळीच्या छिद्रावर कलते करी, दोन बार हवेतच काढी, आणि मग बंदूक गिर्‍हाइकाच्या हातात देई. तिची माशी त्याने आधीच एका अंगाला कलवून ठेवलेली असे, ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती आणि तरीही सगळे गाव माशीवरूनच नेम धरी. आजही एखाद्या जुन्या देशी 'नॅशनल' बंदुकीतून खोबरेलाचा खवट वास आला, तर तिने पूर्वायुष्यात फुगे फोडलेले आहेत असे मी खुशाल समजतो, आणि माशी तपासतो.

पण गावच्या जत्रेपेक्षाही आमच्या बंदुकांवर अधिक खोल ठसा उमटला आहे तो कारखान्यांचा, आणि इथे मला थोडे थांबलेच पाहिजे, कारण ज्या वासांविषयी मी लिहितो आहे त्यांतले निम्मेअधिक आता या गावांत उरलेले नाहीत.

१९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि औंध-दापोडीच्या पुढे ज्वारी-बाजरीची शेते असलेल्या त्या माळावर पेनिसिलिन पिकू लागले. पिकू लागले हेच क्रियापद योग्य, कारण बुरशी मोठमोठ्या टाक्यांत आंबवूनच ते औषध तयार होई, आणि त्या किण्वनाचा एक आंबूस, कुबट, ओल्या धान्यासारखा वास एच.ए.च्या कुंपणाबाहेर कितीतरी दूरवर पसरे. मुंबई रस्त्याने एस.टी.तून जाणारा पेंगुळलेला प्रवासी डोळे न उघडता सांगे की पिंपरी आली. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, त्याचे भूखंड पडले, आणि भोसरीपासून आकुर्डीपर्यंत प्रत्येक चौकाला स्वतःचा वास मिळाला. कोठे ओतशाळेतली जळकी वाळू, कोठे रंगकामाचे थिनर, कोठे रबर, आणि पाळी सुटली की हजारो स्कूटरींच्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणाचा तो पांढुरका धूर, ज्यात न्हाऊन निघाल्याशिवाय आकुर्डीच्या माणसाला आपण घरी पोचलो असे वाटत नसे.

टूलरूमचे वास याहून निराळे, अधिक अंतर्मुख. माझी सारी नोकरी एका टूलरूममध्ये गेली, म्हणून हा पक्षपात. लालबुंद पोलाद कडक करण्यासाठी तेलात बुडवले की उठणारा जाड, भारदस्त धूर, कॉटन वेस्टचा धुरकट कापूसवास, ट्रेमधले रॉकेल, आणि लेथवर, मिलिंगवर संथ धारेने पडणारे कूलंटचे दुधी पाणी. या पाण्याची एक खोड आहे. ते खेळते राहिले तर गुणी असते, पण एक दिवस साचले की हवेवाचून जगणारे जंतू त्यात वाढतात आणि नासक्या अंड्याचा दर्प सुटतो. विलायती पुस्तकांत याला सोमवार सकाळचा वास म्हटलेले आढळते, कारण तिकडे रविवारी कारखाने बंद असतात. आमच्याकडे वीजमंडळाच्या कृपेने साप्ताहिक सुटी गुरुवारची. त्यामुळे विज्ञानाचा तोच नियम पिंपरी-चिंचवडात शुक्रवारी लागू होई. पहिल्या पाळीला शेडचे दार सरकवले की शुक्रवार उजाडल्याचे नाकाला आधी कळे आणि दिनदर्शिकेला मागाहून.

आता या सगळ्याचा बंदुकांशी संबंध काय? तर असा, की या पट्ट्यातल्या छर्‍याच्या बंदुका इथल्याच फिटर-टर्नर मंडळींच्या हातून दुरुस्त झालेल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, विलायतेतून सुटे भाग मिळण्याची सोय संपली, आणि बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए.ची किंवा रास्टाटच्या डायनाची स्प्रिंग तुटली की ती बदलून देणारा धनी कोणी उरला नाही. मग कोणीतरी ओळखीच्या टर्नरला गाठायचे. तो तिसर्‍या पाळीच्या शांत वेळात हाताशी असलेल्या तारेची स्प्रिंग वळून देई, चामड्याचा वायसर साच्यात दाबून वाटीसारखा वळवून देई, दट्ट्याला कानस आणि एमरी मारून चकचकीत करी, आणि निरोपाचा हात म्हणून त्यावर जे तेल त्या क्षणी जवळ असेल ते ओती. म्हणून मुंबईच्या एखाद्या पारशी बंगल्यातून आलेली डायना आणि चिंचवडच्या चाळीतून आलेली डायना, जरी क्रमांकाने सख्ख्या बहिणी असल्या, तरी वासाने त्या एकमेकींना ओळखणार नाहीत. पहिलीत जवसाचे तेल, कापूर आणि कपाटातली डांबरगोळी सापडेल. दुसरीत कटिंग ऑइल, ग्रीस आणि किंचित शुक्रवार.

डायना आणि बी.एस.ए. या दोन नावांविषयी दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. रास्टाट या जर्मन गावी मायर आणि ग्रामेलश्पाखर यांनी १८९० साली पेढी काढली. तिच्या मुद्रेवर मृगयेची देवता डायना उभी आहे. तिने आपले धनुष्य पायदळी टाकले आहे आणि छर्‍याची बंदूक उंच धरली आहे. दुसर्‍या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री आणि नाव दोन्ही जेत्यांनी स्कॉटलंडला नेली, आणि रास्टाटला १९५० च्या सुमारास नव्याने डाव मांडावा लागला. बी.एस.ए. ही मुळात बर्मिंगहॅमच्या बंदूक कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन काढलेली कंपनी. छर्‍याच्या बंदुकांत ती १९०५ साली उतरली, आणि एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही तिची मुद्रा तिच्या जुन्या दस्त्यांवर आढळते. इंग्रजी दस्ता अक्रोडाचा, जर्मन दस्ता बहुधा बीचचा. अक्रोडाला जवसाचे तेल मुरले की सुक्या मेव्याच्या डब्यासारखा वास येतो, बीच मात्र बराच अबोल.

हिंदुस्थानात छर्‍याच्या बंदुकीने केलेले सर्वांत मोठे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी पदकांचे नाव घेणार नाही. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी एका पोरसवदा मुलाने आपल्या छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो बुचकळ्यात पडला, आणि मामांच्या सांगण्यावरून ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. कपाटे उघडताना आतून कोणता वास आला असेल याचा उल्लेख त्यात असता तर मला फार बरे वाटले असते. पण हा माझ्या छंदाचा आग्रह झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पाखरांवर नेम धरण्याचे दिवस संपले, आणि ते संपले हे उत्तमच झाले.

माझ्या बंदुका आल्या त्या बहुतेक दोन ठिकाणांहून. एक म्हणजे पुण्याचा जुना बाजार, मंगळवार पेठेत कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणारा. आणि दुसरे म्हणजे चिखलीची कुदळवाडी, जिथे सार्‍या औद्योगिक पट्ट्याने टाकून दिलेले लोखंड, पुठ्ठा, पिंपे आणि तारा एकत्र येऊन पुन्हा विकल्या जात. कुदळवाडीचा वास हा एक वास नव्हताच. ते एक दप्तर होते, ज्यात प्रत्येक कारखान्याने आपापली नोंद केलेली होती. तिथल्या एका भंगारवाल्याशी झालेला संवाद मला अजून आठवतो. लोखंडाच्या ढिगातून त्याने एक गंजलेली नळी आणि अर्धा दस्ता उपसून काढला, आणि मी सवयीने ती मोडून नाकाशी नेली.

"साहेब, वास कसला घेताय? ती काय बिर्याणी आहे?"

"किती घेणार?"

"आता तुम्ही वास घेतलात म्हणजे काहीतरी माल असणार. दीडशे जास्त द्या."

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीच्या शेकडो एकरांवरची हजारो पत्राशेड आणि बांधकामे पाडली. वारंवार लागणार्‍या आगी, नदीत जाणारे सांडपाणी, अनधिकृत बांधकाम, कारणे सगळी खरी होती. रहिवाशांनी त्या जळक्या रबराच्या धुरात वर्षे काढली होती, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाच्या आठवणींसाठी कोणी धूर सोसावा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही.

गंजलेल्या बंदुकीच्या नळीला जो एक खास 'लोखंडी' वास येतो, तो लोखंडाचा नसतो, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. २००६ साली लाइपझिग आणि व्हर्जिनिया येथील रसायनज्ञांनी याचा छडा लावला. लोखंडाची वाफ होत नाही, तेव्हा त्याला स्वतःचा गंध असण्याचे कारणच नाही. माणसाच्या त्वचेवरचे स्निग्ध पदार्थ हवेने काहीसे बिघडलेले असतात. घामाच्या ओलीत लोहाचे आयन सुटतात आणि त्या बिघडलेल्या स्निग्धांशाचे तुकडे पाडतात. त्यातून आळंब्यासारखा उग्र वास असलेले एक द्रव्य क्षणार्धात निर्माण होते, आणि आपण म्हणतो, लोखंडाचा वास आला. वास आलेला असतो तो आपल्याच कातडीचा. हे वाचल्यापासून मी बंदुकीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. ज्या गंधाने मला एखादी नळी जुनी, अस्सल, जिवंत वाटते, त्याचा एक भाग तिला आत्ता धरणार्‍या हाताचा आहे, एक भाग तिच्यात तेल ओतणार्‍या हाताचा, एक भाग वायसर दाबणार्‍या चर्मकाराने चामडे कमावताना घातलेल्या बाभळीच्या सालीचा. कारखान्याने जे पोलाद मूळ पाठवले, त्याच्या वाट्याला या गंधातले जवळजवळ काहीच येत नाही.

आणि इथेच संग्राहकाची पंचाईत होते. बंदूक सुस्थितीत आणायची तर ती पूर्ण खोलावी लागते. नळकांडे रॉकेलने धुवावे लागते, काजळी आणि घट्ट झालेले तेल खरवडावे लागते, जुना वायसर, जो आता दगड झालेला असतो, काढून टाकावा लागतो. दोन दिवसांनी बंदूक पुन्हा जुळते, बार नेमका लागतो, आणि तिला रॉकेलाखेरीज कसलाही वास येत नाही. ज्या कारणासाठी आपण ती घेतली, ते कारणच आपण गटारात ओतून दिलेले असते. उलट न धुवावी, तर गंज आपले काम थांबवत नाही. यातून वाट काढताना मी एक ओंगळ तडजोड केली आहे: नळी आणि स्प्रिंग स्वच्छ करतो, दस्त्याच्या आतल्या खोबणीला हात लावत नाही. लाकडाने पिऊन ठेवलेले तेल तिथे सुरक्षित राहते, आणि उन्हाळ्यात कपाट उघडले की ते हळूच बोलू लागते.

कपाटाचेही एक पथ्य आहे. जुन्या विलायती छर्‍यांच्या पत्र्याच्या डब्या हा माझ्या संग्रहातला नाजूक भाग. झाकण उघडले की जुना कागद आणि तेलकट पत्रा यांचा मंद वास येतो. शिशाला स्वतःला वास नाही. पण ज्या लाकडी खणांचा सुगंध आपल्याला सुखावतो, त्या लाकडातून, विशेषतः ओकसारख्या लाकडातून, आम्लाची सूक्ष्म वाफ सुटत राहते, आणि तिने शिसे पांढरे पडते, भुकटी होऊन झडू लागते. ती भुकटी विषारी असते. हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाही हा आमच्या घरचा कडक हुकूम आहे, आणि तो मी काढलेला नाही.

या बंदुकांचे आजचे वंशज पाहायचे तर बालेवाडीच्या क्रीडानगरीत जावे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ती उभी राहिली. दहा मीटरांवरच्या लक्ष्यातला मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि पोरे-पोरी त्याला पुनःपुन्हा भेदतात. महाराष्ट्राच्याच अंजली भागवत यांनी २००० साली सिडनीला याच प्रकारात अंतिम फेरी गाठली. आताच्या रायफलींत स्प्रिंग नाही, चामडे नाही. साठवलेली दाबलेली हवा नेमक्या मापाने सुटते, धूर होत नाही, धक्का बसत नाही, आणि त्या दालनात बारांपेक्षा जाड कॅनव्हासच्या जॅकेटांतल्या घामाचाच वास अधिक. पूर्णत्वाच्या मार्गावर गंध हा बहुधा पहिला बळी असतो. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघणारी चेतक स्कूटर मी डोळे मिटूनही ओळखली असती. २०२० साली ती विजेवर धावत परत आली, आणि आता माझ्या शेजारी येऊन थांबली तरी पाठ फिरवून उभ्या असलेल्या मला तिचा पत्ता लागत नाही.

चाकणच्या एका मोटार कारखान्यात काम करणारा एक तरुण अभियंता माझ्याकडे अधूनमधून येतो. त्याने आपल्या आजोबांची डायना आणून दाखवली तेव्हा मी चामड्याचा वायसर सुचवला. त्याने कृत्रिम बसवला, वेग मोजण्याचे यंत्र आणले, आणि दहा बारांचे आकडे माझ्यासमोर ठेवले. आकडे विलक्षण सारखे होते. "काका, तुमच्या चामड्यात दर बाराला वेग बदलतो. तेल कमी-जास्त जळतं ना," तो म्हणाला. त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते, आणि त्याची बंदूक माझ्यापेक्षा नेमकी चालते हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मात्र आजोबांच्या वेळी तिला कसला वास येत असे, हे त्याला सांगता आले नाही, आणि मी विचारल्यावर तो थोडा वेळ विचारात पडला.

सरकारदरबारी या बंदुकांची ओळख अर्थातच वासावरून होत नाही. पूर्वी ठरावीक जाडीच्या लाकडी फळीतून छर्रा आरपार जातो की नाही यावर परवान्याचा निर्णय होई; २०१६ च्या शस्त्र नियमांनी ती कसोटी आकड्यांत आणली. ऊर्जा २० जूलपेक्षा कमी आणि व्यास .१७७ इंचाचा असेल तर परवाना नको. त्याहून मोठी असेल तर हवा. माझी जुनी बी.एस.ए. .२२ ची, म्हणून तिच्यासाठी अर्ज, जबाब, चौकशी, शिफारस असा रीतसर प्रवास करून मी परवाना काढला. परवाना आला की त्याच्याबरोबर त्याची कर्तव्येही येतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा शस्त्र जमा करण्याचा हुकूम निघाला, आणि मी तिला मऊ फडक्यात गुंडाळून चौकीवर नेऊन रुजू केले. तिथल्या हवालदारांनी ती उलटसुलट पाहिली, "ही फुगे फोडायची ना?" असे विचारले, आणि मालखान्याच्या वहीत मोठ्या अदबीने नोंद घेतली.

निकाल लागल्यावर ती परत मिळाली. जमा पावतीशी क्रमांक ताडून झाला, फडक्याची गाठ सोडली, आणि हवालदारांच्या देखत मी, इतक्या वर्षांची सवय, ती मोडून नाकाशी नेली. जवसाचे तेल होते, जुने चामडे होते, आणि त्यावर स्वच्छ ओळखू येईल असा दमट कागदाचा, फिनाइलचा आणि जप्तीत आलेल्या हातभट्टीच्या दारूचा एक खमंग थर चढला होता. बहुधा ती कॅनशेजारीच ठेवलेली असावी.

"काय साहेब, बरोबर आहे ना माल?"

"बरोबर आहे."

"मग इथे सही करा. वस्तू पूर्ववत स्थितीत मिळाली."

मी सही केली. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी दारातच ती अडवली आणि तिची रवानगी गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत केली. धुवून आणल्यास कपाटात जागा मिळेल, अशी अट आहे. मी अद्याप धुतलेली नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत मुदत आहे असे मी धरून चाललो आहे.